जहाल ग्रंथपाल

गावच्या वाचनालयातून पुस्तक आणलं की मी आधी त्याचं शेवटचं पान उघडायचो. खुनी कोण ते आधीच बघून घ्यायची खोड मला नव्हती. मला बघायची असायची तिथे चिकटवलेली तारखांची चिठ्ठी. शिक्क्याच्या जांभळ्या तारखा, आणि आमच्याकडच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक तारखेपुढे सभासद क्रमांक. क्रमांक ११७ म्हणजे आमचे गणिताचे सर, हे मला ठाऊक होतं. थोरांची चरित्रं वाचा म्हणून वर्गात बजावणारे सर दर शनिवारी बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार घरी नेत होते. हे गुपित मी दहावीपर्यंत खिशातल्या गोटीसारखं जपलं.

काही वर्षांपूर्वी हा किस्सा एका ओळखीच्या बाईंना हसत हसत सांगितला. बाई एका महाविद्यालयात अठरा वर्षं ग्रंथपाल होत्या आणि चाळिशी उलटल्यावर त्यांनी तीन वर्षांच्या एलएलबीला नाव घातलं होतं. पुस्तकांची शांतता सोडून कोर्टाच्या पायऱ्या कशाला चढता, असं घरच्यांसकट सगळ्यांनी विचारून झालं होतं. माझ्या किश्शावर बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही सरांची नोंद वाचलीत. उद्या तीच नोंद पोलिसांनी मागितली तर द्यायची की नाही, हे मला अठरा वर्षांत कोणी शिकवलं नाही. म्हणून चालले."

मला ते जरा अतीच वाटलं. वाचनालयाची चिठ्ठी मागायला सरकारी माणूस कशाला येईल? पण आला होता, आणि एकदाच नव्हे. ती हकीकत वाचत गेलो तसा मी चकितच होत गेलो.

१९७० साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात करखात्याचे अधिकारी आले. दारू, तंबाखू आणि शस्त्रं बघणारा विभाग तेव्हा करखात्यात मोडत असे. व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या आंदोलनांचे ते दिवस. मधूनच कुठेतरी बॉम्ब फुटत होता. अधिकाऱ्यांना हवी होती स्फोटकांवरची पुस्तकं कोणी कोणी नेली त्याची यादी. ग्रंथालयानं आधी नकार दिला. मग शहराच्या वकिलानं मत दिलं की या नोंदी सार्वजनिक दस्तऐवज आहेत, दाखवाव्या लागतील. दाखवल्या. ग्रंथपालाचं म्हणणं आणि वकिलाचं म्हणणं समोरासमोर आलं, तेव्हा ग्रंथपालाच्या हातात कायद्याची एकही ओळ नव्हती.

अमेरिकन लायब्ररी असोसिएशननं हे मनावर घेतलं. वाचकाच्या नोंदी गुप्त माना, कोर्टाचा रीतसर आदेश असल्याशिवाय देऊ नका, असं धोरण तिनं ठरवलं आणि एकेका राज्यात कायदा करून घेण्याचा चिवट उद्योग सुरू झाला. आज तिथल्या ५० पैकी ४८ राज्यांत वाचकाच्या नोंदींना संरक्षण देणारे कायदे आहेत. उरलेल्या दोन राज्यांत, हवाई आणि केंटकीत, महाधिवक्त्यांची तशी मतं आहेत. मग पुढची गंमत अशी की अनेक ग्रंथालयांनी कायद्यावरसुद्धा विसंबायचं नाही असं ठरवलं. पुस्तक परत आलं की त्यांची संगणकप्रणाली वाचकाचं नाव त्या पुस्तकापासून तोडून टाकते. पुस्तक किती वेळा बाहेर गेलं एवढं उरतं; कोणाकडे गेलं ते उरत नाही. ज्या धंद्याचा सगळा जन्म नोंदी ठेवण्यात आणि जपण्यात जातो, दाखल नोंदवहीतला १९०२ सालचा आकडाही जो खोडत नाही, त्यानं एक गोष्ट मुद्दाम विसरायचं व्रत घेतलं. जे कपाटातच नाही ते मागणार कसं?

या व्रताची कसोटी २००१ नंतर लागली. न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांवरच्या हल्ल्यानंतर दीड महिन्यात 'पॅट्रियट अॅक्ट' झाला. त्यातल्या कलम २१५ खाली गुप्त न्यायालयाच्या आदेशानं कुठलीही 'वस्तू' मागता येऊ लागली, आणि ग्रंथालयातली नोंद ही वस्तूच. ग्रंथपालांनी ओरड केली. तेव्हाचे अॅटर्नी जनरल जॉन अॅशक्रॉफ्ट यांनी सप्टेंबर २००३ मध्ये जाहीर भाषणात त्यांची टर उडवली. तुम्ही काय वाचता हे बघायला आमच्या माणसांना ना वेळ ना हौस, अशा थाटात. त्या वर्षी असोसिएशनच्या अध्यक्ष होत्या कार्ला हेडन, शिकागोत बालविभागाच्या ग्रंथपाल म्हणून उमेदवारी केलेल्या. त्यांनी जाहीरपणे उलट उत्तर दिलं. पुढे सरकारनं आकडाच जाहीर केला: कलम २१५ एकदाही वापरलेलं नाही. शून्य.

आकडा खरा होता. पण त्या घराला दुसरं दार होतं.

जुलै २००५. कनेक्टिकट राज्यातलं विंडसर. 'लायब्ररी कनेक्शन' नावाची एक लहानशी संस्था तिथे पंचवीसेक ग्रंथालयांचा सामाईक संगणक सांभाळत होती: तालिका, देवघेव, इंटरनेट. तिचे संचालक जॉर्ज ख्रिश्चन यांच्या हातात एफबीआयच्या माणसांनी एक पत्र ठेवलं. १५ फेब्रुवारीला दुपारी चार ते पावणेपाच या वेळात एका ठरावीक आयपी पत्त्यावरून इंटरनेट कोणी वापरलं, त्याची सगळी माहिती द्या. पत्रावर न्यायाधीशाची सही नव्हती; या प्रकारच्या पत्राला ती लागतच नाही. आणि असं पत्र आलं हेसुद्धा कोणाला कळता कामा नये, जन्मभर. हवा होता तो पाऊण तास पाच महिन्यांपूर्वीचा. पाच महिने ज्या तपासाला घाई नव्हती, त्याला न्यायाधीशाच्या दारापर्यंत जायला तेवढी सवड मिळाली नव्हती!

ख्रिश्चन यांनी संस्थेच्या कार्यकारी समितीला बोलावलं. बार्बरा बेली, पीटर चेस, जॅनेट नोसेक. तिघंही जवळपासच्या गावांतली ग्रंथपाल. चौघांनी मिळून ठरवलं की द्यायचं नाही, आणि नागरी हक्कांच्या संघटनेतर्फे सरकारवरच दावा लावला. इथून पुढचा भाग मी दोनदा वाचला. दावा लावणाऱ्यांना स्वतःच्या नावानं दावा लावता येत नव्हता, म्हणून कागदावर वादी 'जॉन डो', म्हणजे आपला अमका-तमका. ब्रिजपोर्टच्या न्यायालयात त्यांचीच सुनावणी, पण तिथे बसायची त्यांना बंदी, कारण हजर राहिलं तर ओळख फुटेल. मग दुसऱ्या शहरातल्या, हार्टफर्डच्या न्यायालयात एका कुलूपबंद खोलीत बसून त्यांनी आपलाच खटला पडद्यावर बघितला.

सप्टेंबरमध्ये न्यायाधीश जॅनेट हॉल यांनी मौनाची सक्ती घटनेविरुद्ध ठरवली. सरकार अपिलात गेलं आणि मौन तसंच राहिलं. त्यात गंमत बघा: सरकारनं न्यायालयात दिलेल्या कागदांत काळी शाई फासायला कोणीतरी चुकलं आणि पत्रकारांना नावं सापडली. वर्तमानपत्रात नाव छापून आलं, तरी त्या माणसांना 'हो, तो मीच' म्हणायची सोय नव्हती. नेमक्या त्याच महिन्यांत वॉशिंग्टनला 'पॅट्रियट अॅक्ट'ला मुदतवाढ द्यायची की नाही यावर चर्चा चालू होती. ग्रंथालयांना कोणी हात लावलेला नाही, असं तिथे सांगितलं जात होतं, आणि ज्यांना हात लावला होता ती चौघं तोंडाला कुलूप लावून ऐकत होती. मार्च २००६ मध्ये कायद्याला मुदतवाढ मिळाली. काही आठवड्यांतच सरकारनं मौनाचा आग्रह सोडला आणि जूनमध्ये ते पत्रही मागे घेतलं. पाऊण तासाची ती माहिती चौघांनी शेवटपर्यंत दिली नाही.

या प्रकरणाच्या सुमाराला माहिती अधिकाराखाली एफबीआयचे काही अंतर्गत ईमेल बाहेर आले. एकात एका अधिकाऱ्यानं वैतागून लिहिलं होतं की हे जहाल, लढाऊ ग्रंथपाल आपल्याला लाथाडत असतात. असोसिएशननं ताबडतोब 'जहाल लढाऊ ग्रंथपाल' असे बिल्ले छापले, आणि ते हातोहात खपले. जहाल-मवाळ वाद ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना हा शब्द वाचनालयाच्या टेबलामागे बसलेल्या, चष्मा साखळीला अडकवलेल्या माणसाला लावलेला ऐकून मौज वाटते. पण विचार करा, त्या चौघांनी केलं काय? फक्त कायद्याचं पुस्तक उघडून वाचलं आणि म्हणाले, इथे सही दिसत नाही.

बाईंचा निर्णय मला इथपर्यंत आल्यावर कळला. पण ही एकच बाजू. ग्रंथपाल आणि वकील यांचं नातं भांडणापेक्षा कितीतरी जुनं आहे, आणि त्याची एक शाखा तुमच्या खिशातल्या फोनपर्यंत आली आहे.

इंग्रजी वळणाच्या न्यायव्यवस्थेत जुना निवाडा हाच पुढच्या खटल्याचा आधार. आपल्याकडेही नागपूरहून निघणाऱ्या 'ऑल इंडिया रिपोर्टर'च्या खंडांनी वकिलांच्या भिंती भरलेल्या असतात त्या यासाठीच. अडचण अशी की पन्नास वर्षांपूर्वीचा निवाडा आज जिवंत आहे की नंतरच्या कुठल्या न्यायालयानं त्याला मारला, हे त्या निवाड्याच्या पानावर लिहिलेलं नसतं. १८७३ साली शिकागोत फ्रँक शेपर्ड नावाच्या माणसानं यावर साधा उपाय काढला. नंतरच्या कुठल्या निवाड्यांनी या निवाड्याचा उल्लेख केला, त्याची यादी छापलेल्या डिंकाच्या चिठ्ठ्या तो विकू लागला. वकिलानं ती आपल्या खंडात त्या पानावर चिकटवायची. पुढे या चिठ्ठ्यांचे ग्रंथ झाले, आणि निवाडा तपासून घेणं याला अमेरिकन वकिलांच्या बोलीत शेपर्डच्या नावाचं क्रियापदच तयार झालं.

पुढे १९५३ साली या ग्रंथांच्या कंपनीतून निवृत्त झालेल्या विल्यम अॅडेर यांनी युजीन गारफील्ड या तरुणाला पत्र लिहून ही पद्धत कळवली. गारफील्ड मूळचा रसायनशास्त्राचा, आणि त्यानं नुकताच ग्रंथालयशास्त्राचा रस्ता धरला होता. त्याच्या डोक्यात आलं: वकील निवाड्यांचं करतात तेच शास्त्रज्ञांच्या लेखांचं का करू नये? एखाद्या लेखाचा पुढे कोणी कोणी आधार घेतला, यावरून विषयाचा माग काढायचा. १९५५ मध्ये त्यानं ही कल्पना मांडली, साठच्या दशकात 'सायन्स सायटेशन इंडेक्स' निघाला. आणि १९९८ मध्ये स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी वेबपानांची प्रतवारी ठरवायला हेच सूत्र धरलं: ज्या पानाकडे जास्त आणि वजनदार पानं बोट दाखवतात ते वर. त्यांनी गारफील्डचा उल्लेखही केला आहे. गूगलवर 'साबुदाणा वडा फुटू नये म्हणून' असं शोधलंत की पडद्यामागे शिकागोच्या त्या डिंकाच्या चिठ्ठीची पणती कामाला लागते.

आता दुसरा प्रश्न. पुस्तक कोणी नेलं हे गुप्त राहिलं. पण वाचनालयाला पुस्तक मुळात भाड्यानं, वर्गणीनं किंवा फुकट देता येतं ते कुठल्या हक्कानं? लेखकाचा कॉपीराइट, प्रकाशकाचा खर्च, आणि एक प्रत विकत घेऊन हे तीनशे जणांना वाचायला देणार? हा प्रश्न मला चाळीस वर्षांच्या वाचनात एकदाही पडला नव्हता, याचीच आता लाज वाटते.

अमेरिकेतलं उत्तर १९०८ सालच्या एका निवाड्यात आहे. एका प्रकाशकानं कादंबरीत छापलं होतं की हे पुस्तक एका डॉलरपेक्षा कमी किमतीला विकलं तर कॉपीराइटचा भंग समजला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानानं ते ८९ सेंटला विकायला काढलं. सर्वोच्च न्यायालयानं दुकानाच्या बाजूनं कौल दिला: प्रत एकदा विकली की तिचं पुढे काय करायचं ते घेणाऱ्यानं ठरवायचं, विका, द्या, उसनी द्या. ग्रंथालयाची इमारत या एका विटेवर उभी आहे. (दुकानाचे एक मालक इसिडोर स्ट्रॉस. चार वर्षांनी ते आणि त्यांची पत्नी टायटॅनिकवर एकत्र बुडाले.)

आपल्याकडच्या स्वस्त आवृत्त्यांवर 'फक्त भारत, नेपाळ, श्रीलंकेत विक्रीसाठी' असं छापलेलं असतं ते सगळ्यांनी पाहिलंय. तशीच आशियाई आवृत्ती थायलंडहून मागवून अमेरिकेत विकणाऱ्या एका विद्यार्थ्याचा खटला २०१३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयात पोचला. परदेशात छापलेल्या प्रतीला १९०८ चा नियम लागू नाही, असं ठरलं असतं तर? ग्रंथालयांच्या संघटनांनी न्यायालयाला सांगितलं की आमच्या कपाटांत परदेशात छापलेली निदान २० कोटी पुस्तकं आहेत. प्रत्येकाच्या धन्याला शोधून परवानगी मागत बसायचं का? विद्यार्थी सहा विरुद्ध तीन मतांनी जिंकला.

पण ई-बुक विकलंच जात नाही. वाचनालयाला मिळतो तो परवाना, आणि परवान्यात प्रकाशक काय वाटेल ते लिहू शकतो. २०११ साली हार्परकॉलिन्सनं अट घातली की एक ई-बुक २६ वेळा दिलं गेलं की संपलं, नवं घ्या. दोन आठवड्यांला एक वाचक धरला तर बरोबर एक वर्ष. ज्याचं पान फाटत नाही, ज्याला वाळवी लागत नाही, अशा पुस्तकाला मुद्दाम आयुष्याची मर्यादा! मेरीलँड राज्यानं २०२१ मध्ये कायदा करून प्रकाशकांना वाजवी अटींवर परवाने द्यायला लावलं. पुढच्याच वर्षी न्यायालयानं तो कायदा रद्द ठरवला, कारण कॉपीराइट हा केंद्राचा विषय. म्हणजे इथेही ग्रंथपाल अडला तो कलमातच.

तिथल्या कायद्याची एक तऱ्हा तर मला अजून पचलेली नाही. अमेरिकेत कॉपीराइट नोंदणीचं काम १८७० पासून संसदेच्या ग्रंथालयाकडे आहे, कॉपीराइट कार्यालयही तिथेच. त्यामुळे १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्यात, कुठलं डिजिटल कुलूप तोडलं तर गुन्हा मानायचा नाही याची सूट दर तीन वर्षांनी ठरवायची जबाबदारी आली त्या ग्रंथालयाच्या प्रमुखावर. आपण विकत घेतलेला मोबाइल दुसऱ्या कंपनीच्या सिमला मोकळा करायचा की नाही, हे कोण ठरवणार? ग्रंथपाल! २०१२ मध्ये त्या खुर्चीनं नव्या फोनांना सूट नाकारली. एक लाखाहून जास्त लोकांनी व्हाइट हाऊसकडे अर्ज केला आणि २०१४ साली संसदेला खास कायदा करून कुलूप उघडावं लागलं. २०१६ साली त्या खुर्चीवर कार्ला हेडन आल्या, पहिल्या स्त्री आणि पहिल्या कृष्णवर्णीय. ८ मे २०२५ ला दोन ओळींच्या ईमेलनं त्यांना काढून टाकलं, आणि दोन दिवसांत कॉपीराइट कार्यालयाच्या प्रमुखांनाही.

आपल्याकडे काय? कोल्हापूर संस्थानानं १९४५ सालीच ग्रंथालयांचा कायदा केला होता. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्यात परिषद आहे, संचालनालय आहे, मान्यता आहे, अनुदान आहे. सभासद क्रमांक ११७ च्या गुपिताबद्दल वेगळी तरतूद नाही. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात मात्र ग्रंथपालाचा हात दिसतो असं बाई म्हणतात. २००५ च्या त्या कायद्याचं चौथं कलम अर्जाबद्दल बोलण्याआधीच सरकारी कार्यालयांना सांगतं की सगळे अभिलेख नीट सूचिबद्ध करा, त्यांची निर्देशसूची करा. "म्हणजे आधी तालिका, मग अधिकार," बाईंचं म्हणणं. "फाइल सापडत नाही हे उत्तर ज्या ऑफिसात मिळतं, तिथे या कलमाचा भंग आधी झालेला असतो."

बाई आता सनद घेऊन वकिली करतात, आणि शनिवारी गावच्या वाचनालयात विनामोबदला बसतात. मागच्या खेपेला गेलो तेव्हा त्या झेरॉक्स यंत्रापाशी उभ्या होत्या. सत्तरच्या दशकात छापलेला आमच्या तालुक्याचा इतिहास, बाजारातून केव्हाच नाहीसा झालेला, पानं पापडासारखी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, कलम ५२ मध्ये, ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रमुखासाठी एक पोटकलम आहे: पुस्तक भारतात विकत मिळत नसेल तर ग्रंथालयाच्या वापरासाठी त्याच्या तीनपर्यंत प्रती काढता येतात. बाईंनी तीन गठ्ठे टाचून ठेवले होते.

"मला एक काढून देता का?" मी विचारलं.

"ती चौथी होईल," बाई म्हणाल्या. "तुम्हाला संशोधनाचं कलम लागेल, ते वेगळं. कशासाठी हवी ते लिहून द्या."

मी लिहून दिलं. बाईंनी वाचलं, दोन प्रकरणांपुरतीच परवानगी दिली, पानं काढली, आणि माझी चिठ्ठी माझ्यासमोर फाडून टोपलीत टाकली.